सटवाजी नाईकाची उरलेली धाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं पडायची होती, आणि कुणी वाट विचारली तर माणसं नुसतं बोट करून दाखवायची.

त्या काळी घाटमाथ्यावर एक राज्य होतं. राज्य कसलं, लांबच लांब दोरा. या टोकाचा निरोप त्या टोकाला न्यायचा तर मधे काळ्या कातळाचा भला मोठा सडा लागायचा. त्यावर घोड्याचा खूर ठरायचा नाही. म्हणून राजानं पायी धावणारे जासूद ठेवले होते. कमरेला निरोपाची थैली, खांद्याला पाण्याचा तुंबा, हातात घुंगुरकाठी. घुंगरं वाजली की माणसं वाट सोडायची. साप सुद्धा सोडायचे.

दर तीन वर्षांनी या जासुदांची शर्यत व्हायची. पहाटे गडाच्या दारातून निघायचं, सडा ओलांडून पलीकडच्या शेंदरी दगडाला हात लावायचा, आणि तसंच परत यायचं. सोळा कोस. जो पहिला येईल तो जासुदांचा नाईक, राजा स्वतः त्याच्या डोक्याला पागोटं बांधायचा. दारात ओल्या चुन्याची पाटी ठेवलेली असायची. जिंकणाऱ्यानं वहाण काढून त्यात डावा पाय उमटवायचा. ती पाटी वाळली की भिंतीत बसवायची. पावलांची भिंत म्हणायचे तिला. माणूस मरायचा, पाऊल राहायचं. त्या राज्यात अक्षर कुणाला येत नव्हतं, पण त्या भिंतीवरची पावलं शेंबडं पोर सुद्धा वाचायचं.

तर या जासुदांत एक होता राणू. बाप नाही, घरात एक म्हातारी आई. धावायला चिवट. जोरात पळायचा नाही, पण दमायचाही नाही. मात्र त्याचे पाय होते रुंद, पसरट, परातीत थापलेल्या भाकरीसारखे. सोबतचे जासूद त्याला नावानं हाक मारायचेच नाहीत.

"ए फताड्या, जरा जपून! तू गेलास की मागं गाडीवाट पडतीय!"

"फताड्या, पुढच्या साली शेत नांगरायला येतोस का? बैल नको, नांगर नको, नुसता चालत जा!"

राणू हसून घ्यायचा. पण हसणं तोंडात आणि काटा पोटात. त्याला एकच ध्यास लागला होता. एकदा तरी आपलं पाऊल त्या भिंतीवर लागावं, आणि भर दारात राजाच्या तोंडून आपलं नाव निघावं. राणू. एवढंच. दुसरं काही मागणं नव्हतं.

शर्यतीला तीन महिने होते तेव्हा तो कोंडाबाईकडे गेला. सगळ्या जासुदांच्या वहाणा कोंडाबाईच शिवायची. ती सटवाजी नाईकाची बायको. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. सटवाजी म्हणजे तीन वेळा शर्यत जिंकलेला, त्याच्यासारखा धावणारा पुन्हा झाला नाही. भिंतीवर त्याची तीन पावलं होती. अरुंद, लांब, आणि डाव्या पायाला सहा बोटं.

"सांजच्याला ये," कोंडाबाई म्हणाली. "पाय सकाळी एक असतो, सांजच्याला दुसरा. दिवसभर चालून सुजलेल्या पायाचं माप ते खरं माप."

तो संध्याकाळी आला. तिनं त्याच्या पावलाला दोरा गुंडाळला, गाठी मारल्या, अंगठ्यापुढं बोटभर जागा सोडली. आठ दिवसांत वहाणा केल्या. रुंद, जाड तळाच्या, करंजाच्या तेलात मुरवलेल्या.

"महिनाभर घरात घाल," ती म्हणाली. "मग गावात. मग माळावर. वहाण पहिल्यांदा चावती, मग ओळखती, मग विसरती. पायात आहे हेच ज्या दिवशी विसरशील, त्या दिवशी ती तुझी झाली."

राणूनं त्या हातात घेतल्या. पुन्हा खाली ठेवल्या. उलटसुलट करून बघितल्या.

"मावशे, ह्या वहाणा हैत का पाट? यावर बसून जेवू का?"

"तुझा पाय तसा हाय, लेकरा. मी पायाला वहाण करती. लोकांच्या डोळ्याला करत न्हाई."

राणू वहाणा घेऊन गेला खरा, पण घरी आढ्याला टांगून ठेवल्या.

आता त्या राज्यात एक रीत होती, ती सांगायला हवी. सड्याच्या खिंडीत एक पांगारा होता. जासूद मेला की त्याच्या वहाणा त्या पांगाऱ्याला दोरीनं बांधायच्या. कुणी त्यांना हात लावायचा नाही. दोरी कुजून त्या आपोआप खाली पडल्या की मग त्या मातीच्या. म्हातारी माणसं सांगायची, जोवर दोरी आहे तोवर त्या माणसाची धाव उरलेली असते. ती झाडावरच संपू द्यावी.

आणि सटवाजीची धाव पुष्कळ उरली होती. तो तापानं गेला, अंथरुणावर. डोळे मिटले, श्वास थांबला, तरी पांघरुणाखाली पाय हलत होते म्हणे. कोंडाबाईनं दोन्ही हातांनी ते धरून ठेवले, तेव्हा कुठं थांबले.

एका दुपारी राणू निरोप पोचवून खिंडीतून परत येत होता. ऊन डोक्यावर. झाडाचं पान हलत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. आणि पांगाऱ्यावर वहाणांचा एक जोड एकमेकांवर आपटत होता. टप. टप. टप. टप. एकाच चालीत. बाकीचे सगळे जोड गप्प लोंबत होते.

राणू थांबला. चांगला धावणारा माणूस आवाजावरून चाल ओळखतो. असली चाल त्यानं उभ्या जन्मात ऐकली नव्हती. हलकी, सरळ, न थकणारी.

'शर्यत झाली की आणून बांधू,' तो मनात म्हणाला. 'मेलेल्या माणसाला काय करायच्यात?'

त्यानं दोरी सोडली. आवाज थांबला.

पहिल्या दिवशी त्या वहाणांनी त्याला असं चावलं, की रक्तानं तळ भिजला. बोटं मावत नव्हती, टाच बाहेर. दुसऱ्या दिवशी तेच. राणूनं दात खाल्ले. आठव्या दिवशी चावणं थांबलं. त्याला वाटलं, वहाण सैल झाली. त्यानं काढून बघितली. वहाण होती तेवढीच होती. पाय अरुंद झाला होता.

मग मात्र तो असा धावायला लागला, की सोबतचे तोंडात बोट घालून बघत राहिले. फताड्या म्हणायचं कुणी नाव काढेना. सोळा कोस त्याला चार कोसांसारखे वाटायला लागले. तुंब्यातलं पाणी तसंच परत यायचं.

एके दिवशी तो घरी आला, तर आई दाराकडे पाठ करून तांदूळ पाखडत होती. एरवी तो वेशीपाशी असला तरी तिला पायरव कळायचा, मान न वळवता म्हणायची, "आलास? हातपाय धू." त्या दिवशी पावलं दारात आली, आणि तिनं चटकन डोक्यावरून पदर ओढला. परका पुरुष आल्यासारखी उठून कडेला सरली.

"कोण पाव्हणं?" ती म्हणाली. "राणू घरात न्हाई."

"आई, अगं मीच की."

तिनं वळून बघितलं. चेहरा राणूचा. तिची नजर हळूहळू त्याच्या पायांवर उतरली.

"असं चालू नको बाबा," ती म्हणाली. "तुझा पायरव मला वळखू आला न्हाई."

त्यानं हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी ओढ्यात पाय धुऊन तो खडकावर चढला, आणि सहज मागं वळून बघितलं. कोरड्या खडकावर त्याची ओली पावलं उमटली होती. डाव्या पावलाला सहा बोटं होती.

त्यानं खाली बघितलं. पायाला पाचच. पुन्हा खडकाकडे बघितलं. सहा.

राणूनं धोतराच्या सोग्यानं ते पाऊल पुसलं. चांगलं घासून पुसलं. इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. आणि बाळांनो, इथं तो चुकला बरं का. न कळता चूक झाली तर देव पदरात घेतो. हा कळून पुसत बसला. वहाणा काढून टाकाव्यात असं त्याच्या मनात आलं, पण शर्यत चार दिवसांवर होती.

त्याच संध्याकाळी तो कोंडाबाईच्या घरावरून धावत चालला होता. ती तांब्या घेऊन बाहेर आली. मान खाली, डोळे जमिनीवर.

"आज लवकर आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी घ्या."

राणू जागच्या जागी थिजला. कोंडाबाईनं डोळे वर केले. तांब्या तिच्या हातातून सुटला.

"तू?" ती म्हणाली. "काढ त्या वहाणा! आत्ताच्या आत्ता काढ!"

"मावशे, चारच दिवस. शर्यत झाली की माझ्या हातानं बांधतो."

"अरे, वहाण मी शिवलीय, मला ठावं हाय. माणसाचा पाय तिच्यात उतरतो आणि तिथंच राहतो. त्यांच्या धावंला माणूस पायजे. माणूस कोण, हे ती विचारत न्हाई." तिनं त्याचा हात धरला. "तुझ्या वहाणा घाल. दुसरा ये, तिसरा ये, शेवटचा ये. पण तू ये."

"शेवटच्याचं पाऊल भिंतीवर लागत न्हाई, मावशे," राणू म्हणाला, आणि निघून गेला.

शर्यतीचा दिवस उजाडला. नगारा वाजला, वीस जासूद निघाले. ओढा ओलांडेपर्यंत राणू सगळ्यांच्या पुढं. खिंडीपाशी त्याच्या मागं कुणाचं घुंगरू सुद्धा ऐकू येईना.

शेंदरी दगडाला हात लावून तो परत फिरला आणि भर दुपारी सड्यावर आला. त्या वेळी माणसाची सावली पायाखाली गोळा होते. राणूची सावली मात्र लांबच लांब, पुढं पळत होती. डोक्यावर तिच्या मोठं पागोटं होतं. राणू बोडका होता.

त्याला थांबायचं होतं. त्यानं घुंगुरकाठी कातळावर रोवली. काठी हातातून निसटून मागं पडली, पाय पुढं गेले. आणि धावता धावता त्याला आठवायला लागलं, जे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या जन्माआधीचा एक पूर. हळद लावलेली, लाजून हसणारी तरणी कोंडाबाई. अंथरूण, ताप, पाय घट्ट धरलेले दोन हात. एकेक आठवण आत येत होती आणि तिच्या जागेची एकेक बाहेर जात होती. सडा उतरताना त्यानं आपल्या आईचं नाव आठवून बघितलं. ते येईना. 'शर्यत संपू दे,' तो म्हणत राहिला, 'मग आठवेल.'

गडाच्या दारात तो पोचला तेव्हा दुसरा जासूद तीन कोस मागं होता. लोकांनी एकच गलका केला. राजा स्वतः उठून उभा राहिला. राणूनं वहाण काढली. पाय ओल्या चुन्यात ठेवला. उचलला.

गलका थांबला.

राजा वाकून पाटीकडे बघत राहिला. मग भिंतीपाशी गेला, तिथल्या तीन पावलांवरून त्यानं बोट फिरवलं, आणि परत येऊन चुन्यावरून फिरवलं. अरुंद, लांब. सहा बोटं.

"हे पाऊल आम्ही ओळखतो," राजा म्हणाला.

"महाराज, मी राणू!" राणू ओरडला. "मी धावलो! ह्या माणसांना विचारा, माझं तोंड बघा!"

"या दारात तोंड बघायची रीत नाही," राजा म्हणाला. "इथं पाऊल बोलतं, आणि ते म्हणेल ते आम्ही ऐकतो. बापजाद्यांपासून असंच आहे." त्यालाही ते गोड वाटलं नसेल, पण रीत ती रीत. त्यानं हात वर केला. नगाऱ्यावर टिपरू पडलं. "सटवाजी नाईक, पुढं या!"

राणूला म्हणायचं होतं, नाही. नाव घशापर्यंत आलं होतं. दोन अक्षरांचं, लहानसं. तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून बाहेर पडलं,

"जी महाराज."

आणि तो पुढं झाला. ऐटीत, सरळ, जुन्या सवयीनं, जणू हे चौथ्यांदा होत होतं. राजानं त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं.

गर्दीतून एक म्हातारी धडपडत पुढं येत होती. हातात आरतीचं ताट, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"राणू!" ती हाका मारत होती. "अरे राणू! इकडं बघ बाळा, राणू!"

तिच्या हाका ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. नव्या नाईकानंही वळवली. म्हातारीची त्याला दया आली. त्यानं टाचा उंचावून गर्दीत चहूकडे नजर टाकली, आणि शेजारच्या माणसाला विचारलं,

"कोण हो हा राणू? आई एवढी हाका मारतीय, तर ओ का देत न्हाई?"

म्हणून सांगते, लहानांनो आणि थोरांनो: वहाण घ्यावी ती आपल्या पायाच्या मापाची, दुसऱ्याच्या कीर्तीच्या मापाची घेतली, तर वाट सरते पण आपण पोचत नाही.