शांतिसभेचा पडदा

एका राज्यात सगळं होतं, फक्त पूर्वेची सीमा नेमकी कुठे संपते, हे कोणाला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या धुक्याच्या दरीवर राजा चित्रसेन हक्क सांगे, शेजारचा धवलकेतूही सांगे. दरीतल्या मेंढपाळांना कोणी विचारलं? छे! अखेर एका जादूगाराने दरीला शाप दिला: शस्त्र घेऊन जो उतरेल त्याचा दगड होईल, आणि दोन्ही राजे एकदम हक्क सोडतील तेव्हाच तो पुन्हा माणूस होईल. चित्रसेनाचा पुत्र रणधीर तलवार घेऊन उतरला, तो परतलाच नाही.

मग सात राजांची शांतिसभा आली. तिने काठावर पांढऱ्या छत्र्यांचे पहारेकरी उभे केले. लढाई थांबली, भांडण तसंच राहिलं.

रणधीरची बहीण शर्विला सभेच्या म्हाताऱ्या धनेश पक्ष्याकडे गेली. "पक्षिराज, तुमच्या सभेने एक तरी तंटा मिटवला आहे का?"

"पाठीवर बसा. स्वतःच पाहा."

पहिला तंटा एका डोंगरावरचा. तिथे पहारेकरी इतकी वर्षं उभे होते, की छत्र्यांत चिमण्यांनी घरटी केली होती. तंटा जिवंत होता, माणसंही जिवंत होती. दुसरा एका बेटावरचा. तिथून पहारा लवकर उठला होता. आता नुसती राख होती. तिसरा एका नदीकाठचा. तिथे मात्र दोन्ही तीरांची माणसं एकाच जत्रेत जिलबी खात होती.

"इथे वेगळं काय घडलं?"

"आमचा रिवाज असा, की भांडणारे राजे पडद्याच्या दोन बाजूंना बसतात. दूत शब्द पोचवतो, कडू असेल तर साखर पेरून. इथे वाऱ्याने पडदा उडाला. आम्ही फार ओशाळलो."

"म्हणजे सभा तलवारी थोपवते. मिटवायचं ते भांडणाऱ्यांनीच."

"थोपवणंही थोडं नाही, राजकन्ये. बेट पाहिलंत ना?"

शर्विला परतली ती थेट सभामंडपात. तिथे चित्रसेन आणि धवलकेतू पडद्याच्या दोन बाजूंना बसले होते.

"रिवाज मोडू नका!" दूत ओरडला. तिने पडदा खाली ओढला.

धवलकेतू एक छोटासा अंगरखा उराशी धरून बसला होता. "मुलाचा, लहानपणचा," तो पुटपुटला. "तो तलवार घेऊन दरीत उतरला."

"दूत तर म्हणाला, पलीकडे सर्व कुशल आहे!" चित्रसेन उद्गारला. "माझाही मुलगा तिथेच आहे."

"मलाही तेच म्हणाला."

चित्रसेनाला रडू कोसळलं. दोघे हात धरून काठावर गेले आणि एकदम म्हणाले, "दरी मेंढपाळांची!"

धुकं विरलं. पहारेकऱ्यांनी छत्र्या मिटल्या. शर्विला धावत खाली उतरली. रणधीरच्या दगडी गालांवर रंग चढत होता. डोळे उघडताच त्याने विचारलं, "शर्विले, आपण जिंकलो का?"

पलीकडे धवलकेतूचा मुलगाही बापाला तेच विचारत होता.

"नाही, दादा," ती म्हणाली. "चल घरी."