आधी काय हललं?

"मग शिंगी हातात का घेत नाही, माई?"

केवळनाथ पुन्हा तेच विचारत होता.

डोंगरावरचा नाथांचा मठ. धुनीपाशी निर्मळनाथ माई बसलेली. मठ तिच्याच हाताखाली. समोर तिचा शिष्य, गळ्यातली काळ्या लोकरीची दोरी काढून, तळहातावर शिंगी धरून उभा. शिंगी म्हणजे बोटाएवढी शिट्टी. ती फुंकल्याशिवाय नाथ घास तोंडात घालत नाही. आणि या मठाची रीत अशी की जत्रेला ज्याला खड्ड्यात उतरायचं असेल, त्यानं आपली शिंगी गुरूपुढं धरायची. गुरूनं घेतली तर परवानगी. वर आल्यावर गुरूच ती पुन्हा गळ्यात घालणार. नाही घेतली, तर खड्ड्यावरच्या फळीला कुणी हात लावायचा नाही.

खड्डा कालच खणून झाला होता. देवळामागं, पिंपरणीच्या झाडाखाली. वर टाकायच्या फळ्या तयार, फळ्यांवर लोटायची माती तयार. केवळनाथ आत श्वास कोंडून बसणार आणि उन्हं कलल्यावर लोक त्याला वर काढणार. बघायला अर्धा तालुका जमला होता. माणसं मेली काय, जगली काय, बघणाऱ्याला तमाशा लागतो.

"श्वास माझ्या हुकमात आहे," केवळनाथ म्हणाला. "ये म्हटलं की येतो. थांब म्हटलं की थांबतो."

"खड्ड्यात उतरायच्या आधी हरिनाथही असंच म्हणायचा."

"त्यांची तर समाधी पूजतात लोक."

"पूजू देत. बाहेर मी काढला त्याला. नखांत फळीची कुसळं होती."

केवळनाथाचा हात तसाच पुढं. हट्टी माणसाला मढं दाखवा, तो म्हणेल, ते दुसऱ्याचं.

तेवढ्यात गोठ्याकडून ठकूबाई धावत आली. मठाची गुरं तीच बघायची.

"माई, चांदी व्याली. वासरू पडलंय, पण हलंना."

माई उठली. "चल," ती केवळनाथाला म्हणाली. "शिंगीचं मग बघू."

वासरू पेंढ्यावर पडलं होतं. काळं, चिकट, जीभ बाहेर. चांदी त्याला चाटायची, थांबून बघायची, पुन्हा चाटायची.

ठकूबाईनं त्याच्या कुशीला हात लावला. "काळीज उडतंय. दम तेवढा घेत नाही."

माई शिष्याकडं वळली.

"दे."

"काय?"

"श्वास. तुझ्या हुकमात आहे ना? याला एक दे. जास्त नको."

टोमणाच होता तो. पण वासराचा डोळा उघडा होता, आणि त्या डोळ्यापुढं मान कशी राखायची हे केवळनाथाला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं शिंगी कमरेला खोचली, शेणात गुडघे टेकले, वासराच्या नाकपुडीला तोंड लावून फुंकलं. जीव तोडून फुंकलं. आत चिकटा खुळखुळला आणि त्याच्याच तोंडावर उडाला. पुन्हा फुंकलं. छाती जागची हलली नाही.

"महाराज, फुंकर घालायला ती काय चूल आहे?" ठकूबाई म्हणाली. "मागचे पाय धरा."

त्यानं धरले. दोघांनी वासरू उचलून गोठ्याच्या आडव्या दांडीवर उलटं टाकलं. माईनं तोंडात बोटं घातली आणि चिकटा ओढून काढला, लोळच्या लोळ. मग त्याला खाली घेतलं.

तसंच. लोळागोळा.

माईनं पेंढ्यातली एक ताठ काडी निवडली.

"हात ठेव. इथं, फासळ्यांवर. आणि मला सांग, आधी काय हलतं."

काडी नाकपुडीत गेली. खोल.

...

पुन्हा गेली.

...

वासराचं अंग थरकलं. आणि केवळनाथाच्या तळव्याखाली छाती उघडली. आत, पोटाच्या वरच्या अंगाला, काहीतरी खाली सरकलं. फासळ्या एकमेकींपासून लांब झाल्या, त्याची बोटं त्यांनी बाजूला सारली. आणि मग, त्याच्या मागून, नाकातून हवा आत घुसली. घर्रर्र आवाज करत. ओल्या लुगड्याच्या चिकटलेल्या घड्या सुटाव्यात तसं आत काहीतरी सुटत गेलं, सुटत गेलं.

वासरू शिंकलं. चांदी हंबरली.

"आधी काय हललं?" माईनं विचारलं.

"छाती."

"मग?"

"मग... हवा आली."

बोलला आणि आपल्याच शब्दाला अडखळला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हवा आपण नाकानं ओढतो आणि ती भरली म्हणून छाती फुगते, पखालीत पाणी भरावं तशी. इथं उलटंच होतं. छाती आधी मोठी झाली होती. हवेला कुणी ओढलंच नव्हतं.

"फुफ्फुसाला स्वतःचं बळ नसतं रे," माई हात पुसत म्हणाली. "ते ओलं फडकं. खालचा पडदा खाली गेला, फासळ्या उघडल्या, की त्याला पसरावं लागतं. जागा झाली की हवा येते. ती दारातच उभी असते."

"याला कुणी शिकवलं?"

"त्यालाच विचार."

ठकूबाई पदराआड हसली.

केवळनाथ हसला नाही. त्याचा तळवा अजून वासरावर होता. वर जात होता, खाली येत होता. हात तो हलवत नव्हता.

"केवळ."

"जी."

"मघापासून वासराशी झटत होतास. तेवढ्या वेळात तुझा श्वास कोण घेत होतं?"

त्यानं दुसरा हात हळूच स्वतःच्या छातीवर नेला, दुसऱ्याच्या घराच्या दाराला लावावा तसा.

तोही हलत होता.

तो तिथंच बसून राहिला. वासरू धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठून आचळाला लागलं. उन्हं उतरायला लागली. मग चांदीची जार पडली, वासरामागची वार. ठकूबाईनं ती घमेल्यात भरली आणि वासानं दाराशी आलेली कुत्री हाकलली. जार खोल पुरली नाही, तर कुत्री उकरून ओढतात.

देवळामागून हाका येत होत्या. महाराज, कधी उतरताय? लोक खोळंबलेत.

केवळनाथानं कमरेची शिंगी काढली. पुढं केली नाही. दोरी डोक्यावरून आपल्याच हातानं गळ्यात घातली. ते काम गुरूचं. माईनं बघितलं.

"एवढा मोठा खड्डा खणून बसलेत, माई," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

माईनं घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"बाजूला व्हा म्हणावं. जार पुरायची आहे."