पुराच्या पाण्यातून आलेली मतं

“पूल पाहिजे!” टिल्डी ओरडली, आणि बँडवाल्याचा कर्णा फुंकायचाच राहिला.

गव्हर्नर प्लंकेट आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्ज्यात उभे होते. अमेरिकेतल्या एका राज्याचे ते राजेच म्हणा ना! बायकांना मत नव्हतं त्या काळातली गोष्ट. राज्यभर निवडणूक लागली होती आणि साहेबांची गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती. बँड वाजायचा, साहेब कुणाच्या तरी बाळाचा मुका घ्यायचे, भाषण ठोकायचे, की गाडी पुढे! खाली उतरायचं नाव नाही. बुटांना चिखल लागला तर?

“कसला पूल, पोरी?”

“टेकुमा नदीवरचा. मागच्या वेळी कबूल केलात. त्याच्या मागच्या वेळीही केलात!”

“मग अजूनही कबूलच आहे की!” साहेब म्हणाले. आजूबाजूचे फिदीफिदी हसले.

टिल्डी हसली नाही. तिची बहीण नोरा नदीपलीकडे दिलेली. दुकान, शाळा, डॉक्टर, मतपेटी, सगळं अलीकडे. मधे एकच तराफा, तोही पाणी चढलं की बंद. मागे नोरा तापाने फणफणली, तेव्हा डॉक्टर या काठावरून ओरडला, “जीभ दाखवा!” दुर्बिणीतून जीभ बघितली, मान हलवली आणि घरी गेला. फी मात्र घेतली! नोरा वाचली ती आपल्या हिमतीवर. आता तिला दिवस गेले होते. उन्हाळ्यात बाळ येणार. बाळंतपण काही दुर्बिणीतून होत नसतं!

“तुला स्वतःला तरी मत आहे का गं?” साहेबांनी विचारलं.

“नाही ना! म्हणून तर डोकं वापरावं लागतं.”

आता लोक साहेबांवर हसले. साहेबांचे कान लाल झाले.

“बरं! पलीकडची एकूण एक मतं माझ्या नावावर पाड. मग घे पूल!”

“अहो, पुलाशिवाय माणसं येतील कशी?”

“ते तू बघ. आधी मतं, मग पूल!”

टिल्डीने डोकं खाजवलं. मग एकदम तिचे डोळे चमकले.

“एकूण एक मतं पडली, तर उन्हाळ्याच्या आत पूल?”

“प्लंकेटचा शब्द आहे!”

“ऐकलंत ना हो? लिहून घ्या!” ती गावच्या पेपरवाल्या बातमीदाराला म्हणाली. त्याने पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि लिहून घेतलं. गाडी सुटली. पुढच्या स्टेशनावर साहेबांनी एका धरणाचा शब्द दिला आणि पूल विसरून गेले.

हे सगळं चाललं होतं तेव्हा साहेबांचा उजवा हात, डब्स, गाडीच्या दुसऱ्या टोकाला सिगार वाटत होता. त्याच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही. मतपेट्यांची काळजी डब्सकडे असायची. आणि डब्सने काळजी घेतलेली पेटी कधी उपाशी राहायची नाही! ती कशी भरते हे साहेब विचारत नसत आणि डब्स सांगत नसे. गाव मात्र सगळं जाणून होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी असा पाऊस झोडपला, की टेकुमा तट्ट फुगली. तराफा गेला वाहून!

“संपलं,” टिल्डीचा बाप म्हणाला. “आता काय करणार?”

“सफरचंदं सोलणार.”

आणि खरंच, मतदानाच्या दिवशी ती काठावर सफरचंदं सोलत बसली. शेजारी चूल, चुलीवर गरमागरम केक. “या काका, बसा! केक खा, नदी बघा!” फुकटचा केक म्हटल्यावर कोण सोडतो? मत देऊन आलेलं अख्खं गाव काठावर जमलं. पेपरवाल्याने तर दोनदा घेतला.

“पलीकडून आलं का हो कुणी?” टिल्डी सारखी विचारायची.

“एक बदक आलं!”

पलीकडच्यांची पेटी वेगळी असायची. संध्याकाळी ती उघडली. पलीकडची एकूण एक मतं प्लंकेट साहेबांना! अख्ख्या राज्यात साहेब थोडक्यात वाचले होते, काठावर पास झालेल्या पोरासारखे.

आभार मानायला गाडी परत आली. बँड सुरू होतोय तोच टिल्डी पुढे.

“साहेब, मतं आली. पूल द्या!”

साहेबांना आठवलं. ते गडबडले. “मतं आली? अशक्य! त्या दिवशी कुत्रंसुद्धा नदी ओलांडू शकलं नसतं!”

“हो ना? आम्ही दिवसभर काठावरच होतो. मग मतं कुणाची आली हो?”

पेपरवाल्याने पेन्सिल ओली केली. डब्स आपल्या बुटांकडे बघायला लागला.

“म्हणजे... आली असतील माणसं,” साहेब घाम पुसत म्हणाले. “माझ्या प्रेमापोटी. पोहत!”

“आली असतील तर तुमच्या शब्दाप्रमाणे पूल द्या. आली नसतील तर खुर्ची द्या. काय ते एक ठरवा, साहेब. गाडीची वेळ होतेय!”

साहेबांनी डब्सकडे बघितलं. डब्सने आभाळाकडे बघितलं. आणि मग साहेब जे हसायला लागले! पोट धरून, कठडा धरून, शेवटी बँडवाल्याला धरून!

“पोरी, खरं सांग, तू केलंस तरी काय?”

“मी केक केला. बाकी सगळं डब्सकाकांनी!”

“डब्स! उद्यापासून पूल सुरू. खर्च तुझ्या सिगारींतून!” साहेब पहिल्यांदाच गाडीतून खाली उतरले, थेट चिखलात, आणि टिल्डीचा हात हातात घेतला. “अजून काय हवं? माग!”

“पूल तेवढा भक्कम बांधा,” टिल्डी म्हणाली. “पलीकडचे सायलस आजोबा वारून दोन वर्षं झाली, तरी यंदाही मताला आले होते. पुढच्या वेळी बिचारे शवपेटीसकट येतील!”