विरजण कुठे गेले?

भांडी एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळातली ही गोष्ट.

मातीच्या एका गाडग्यात कोमट दूध होते. शेजारच्या गाडग्यातले दही किती शांत आहे, हे त्याने पाहिले आणि आपणही तसेच व्हावे अशी त्याला ओढ लागली. घरातल्या बाईने त्यात चमचाभर विरजण घातले आणि ती शेतावर गेली.

दूध सारखे हिंदकळून स्वतःकडे पाही. "झालं का माझं दही?"

"कुठलं! अजून पाण्यासारखं डुचमळतंयस," भिंतीवरची पळी हसली. "संध्याकाळपर्यंत लागलं नाहीस तर बाई तुला उकिरड्यावर ओतेल."

दूध घाबरून आणखीच हलले.

"बाळा," विरजण म्हणाले, "मी तुझा हात धरते. तू बघायला उठतंस आणि तो सुटतो."

"पण मावशी, मला दही व्हायचंय गं!"

"ठाऊक आहे. ती ओढ असू दे. नुसतं माझ्याजवळ बस."

दूध बसले. पळीने पुन्हा चिडवले. दुधाच्या मनाला फार लागले, पण ते उठले नाही. मावशीला तिच्या आंबटपणासकट त्याने जवळ घेतले.

उन्हे उतरली. दुधाने हळूच विचारले, "मावशी, आहेस ना?"

त्याने तिला तळाशी शोधले, कडेला शोधले. मग त्याला कळले की ती आता एका जागी उरलीच नव्हती. जिथे ते स्वतः होते, तिथे सगळीकडे ती होती.

आपले दही झाले का, हे विचारायचे मात्र त्याला आठवले नाही.