पायथ्याशी उभा असलेला

"आणि या माणसाला कापायचं म्हणता?"

जिऊमाईंनी छायाचित्र डोळ्यांजवळ धरलं होतं. समोर इतिहासाचे अभ्यासक डॉक्टर कारखानीस अवघडून बसले होते. मठात ते तरुणपणापासून येत, आणि अजूनही माईंपुढे त्यांची जीभ अडखळे.

छायाचित्र फार जुनं, कॅमेरा या देशात नवा होता तेव्हाचं. शहरातला ओस चौक, मधोमध राजाचा विजयस्तंभ, मागे नुसतं आभाळ. पायथ्याशी पागोटेवाला एक माणूस, चेहरा पुसट.

"प्रकाशक म्हणतो, मुखपृष्ठावर नुसता स्तंभ हवा. हा माणूस हलला, माई. तेव्हा एका छायाचित्राला बराच वेळ लागे. चौकातली माणसं चालती, ती उमटलीच नाहीत. स्तंभ तेवढा रेखीव आला. माझ्या पुस्तकाचं सारही तेच. माणसं पुसली जातात, सत्ता उभी राहते."

"छान मांडलंत."

"पण खरं आहे ना?"

आयुष्यभर कारखानिसांनी अशा स्तंभांवरच लिहिलं होतं. आता पुस्तक छापायला जायचं, आणि ऐन वेळी त्यांचा धीर सुटला होता.

"डॉक्टर तुम्ही, आणि विचारता मला?" माई हसल्या. "केवढा उंच असेल हो हा?"

"असेल सात-आठ पुरुष उंच."

माईंनी पागोटेवाल्यावर अंगठा ठेवला.

"आता?"

कारखानीस पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आता... सांगता येत नाही. कुणी म्हणेल, देव्हाऱ्यातली समई आहे."

माईंनी अंगठा उचलला. स्तंभ पुन्हा आभाळात गेला. कारखानीस बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्या माणसाकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. एक पाय किंचित पुढे, हात अंगाशी घट्ट.

"उंची कळावी म्हणून छायाचित्रकारानं उभं केलं असेल त्याला," ते हळूच म्हणाले.

"हं."

"बिचाऱ्यानं श्वास तेवढा घेतला असेल."

"हं."

"मग माझं पुस्तक... खोटं, माई?"

प्रसाद द्यावा तसं माईंनी ते छायाचित्र दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

"ते मला नाही कळत. पण याला अजून कुणी 'झालं, जा आता' म्हटलेलं नाही."