दवाचे रुपये

डोंगराच्या पायथ्याशी, खळखळ वाहणाऱ्या ओढ्याच्या काठावर एक इवलंसं खोपट होतं. त्याच्या कुडाच्या भिंतींना इतक्या फटी होत्या, की सकाळचं ऊन आत शिरायचं ते सोनेरी दोऱ्यांसारखं. या खोपटात गुंफा नावाची एक चिमुकली मुलगी आणि तिची आई राहायच्या. गुंफाचे बाबा मापारी होते, म्हणजे लोकांच्या खळ्यावर जाऊन धान्य मापून द्यायचे. पण आता बाबा नव्हते. मायलेकी रानातली बोरं वेचायच्या, आठवडी बाजारात विकायच्या आणि त्या पैशांची ज्वारी आणायच्या. पुढच्या बाजारापर्यंत तेवढीच ज्वारी पुरवायची.

गुंफा गुणी होती, पण भारी भित्री. झाडावरून पान गळलं तरी दचकायची. शेळी शिंकली तरी दचकायची.

एका माघात आईचा पाय ओढ्यातल्या शेवाळलेल्या गोट्यावरून घसरला आणि घोटा टम्म सुजला. वैद्यबुवांनी पाला बांधला आणि बजावून गेले, की सूज उतरायच्या आत पाय जमिनीला टेकलास तर जन्मभर लंगडशील. मग बाजाराला कोण जाणार? गुंफा म्हणाली, मी जाते. म्हणताना तिचा आवाज थरथरत होता, पण म्हणाली खरी.

आईनं टोपलीत बरोबर वीस मापटी बोरं भरून दिली. मापटं म्हणजे पितळेचं छोटंसं माप. एक मापटं बोरं दहा रुपयांना. टोपलीत लाल, केशरी, पिवळी बोरं अशी चमकत होती, जशी एखाद्या राणीची तुटलेली माळच.

पहिल्या गिऱ्हाइकानं तीन मापटी मागितली. गुंफानं अगदी बाबांसारखं मोजलं. बाबा पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचे नाहीत. माप कपाळाला लावायचे आणि 'लाभ' म्हणायचे. गुंफानंही मापटं कपाळाला लावलं. "लाभ... एक... दोन... तीन." गिऱ्हाईक गालातल्या गालात हसलं आणि पिशवी उचलून चालू लागलं. दुसऱ्यानं तीन मापटी घेतली आणि पन्नासची नोट दिली. त्याला दहाच्या दोन नोटा परत द्यायच्या होत्या. "लाभ... एक... दोन," गुंफानं मोजून दिल्या. शेजारी गाजरं विकणारी धोंडाबाई हे सगळं टुकूटुकू बघत होती. तिनंही लगेच तीन मापटी घेतली आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या हाताला बरकत आहे हो." गुंफाला बिचारीला ते कौतुकच वाटलं.

टोपली लवकर रिकामी झाली. गुंफा उड्या मारत घरी आली आणि आईच्या ओंजळीत पैसे ओतले. आईनं मोजले. पुन्हा मोजले. दोनशे व्हायला हवे होते, भरले एकशेतीस.

आई रागावली नाही. ती आपल्या सुजलेल्या पायाकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "पुढच्या बाजाराला मीच जाईन गं. खुरडत जाईन. बसूनच तर विकायचंय."

आई चालत गेली तर तिचा पाय गेलाच. आपलं मोजणं कुठं चुकतंय हे गुंफाला कळत नव्हतं, पण ते शोधून काढायचंच, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती बोरं वेचायला ओढ्यापलीकडच्या रानात गेली. पानापानांवर दव चमचमत होतं. पळसाला नुकती शेंदरी फुलं लागली होती, बाभळीवर पिवळेधमक गोंडे डुलत होते. बोरीच्या झुडपात काहीतरी फडफडलं आणि गुंफा अशी दचकली, की हातातली परडीच सुटली. पळायला तिनं पाऊलही उचललं. पण झुडपातून कण्हण्याचा बारीकसा आवाज आला आणि ते पाऊल जागच्या जागी थांबलं.

काट्यांमध्ये एक इटुकली परी अडकली होती. बोटाएवढी उंची, जाईच्या पाकळीसारखा झगा आणि इंद्रधनुष्याच्या कपच्यांसारखे पंख. बोरीला दोन दोन काटे असतात, एक सरळ आणि एक वाकडा. त्या वाकड्या काट्यात तिचा पंख गुंतला होता. ओढला असता तर फाटला असता. गुंफानं हात आत घातला, पंख हळूच मागे ढकलला आणि मगच सोडवला. तिच्या मनगटावर लाल रेघोट्या उमटल्या, पण पंखाला साधी चीरही गेली नाही.

"मी दवपरी," ती पंख झटकत म्हणाली. "तुला एक इच्छा देईन. पण माझ्याकडे इच्छा फुकट मिळत नाही हं. ती नेमकी किंमत मोजून घ्यावी लागते, आणि तीही उन्हानं दव वाळायच्या आत."

तिनं टाळी वाजवली. गवतातून एक पांढरीशुभ्र कळी वर आली. पळसाच्या पानावर दवाचे टपोरे थेंब जमले. हात लावला तरी ते फुटत नव्हते, मोत्यांसारखे घरंगळत होते. एक थेंब म्हणजे एक रुपया, परीनं सांगितलं. कळीची आजची किंमत बारा रुपये.

गुंफानं एकेक थेंब कळीपाशी ठेवला. कळी उमललीच नाही.

"एक जास्त झाला," परी म्हणाली.

गुंफा गोंधळली. जास्त दिलं तर काय बिघडलं, असं तिनं विचारलं. परी म्हणाली, कमी दिलं काय आणि जास्त दिलं काय, कळीला दोन्ही सारखंच. तिला नेमकंच लागतं. मग तिनं गुंफाला मोठ्यानं मोजायला सांगितलं.

"लाभ... एक... दोन... तीन..."

परी इतकी हसली, की तिचे पंख किणकिणले. पण गुंफाच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं बघून लगेच थांबली. हे कुणी शिकवलं, तिनं विचारलं. गुंफानं बाबांचं सांगितलं. पहिलं माप देवाचं असतं ना, मग ते कसं मोजायचं?

"ते पहिलं माप बाबा कुठे टाकायचे? बाजूला ठेवायचे की पोत्यात?"

गुंफानं डोळे मिटले. खळं दिसलं, बाबांचे धुळीनं भरलेले हात दिसले. "पोत्यात," ती म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "म्हणजे ते पोत्यात गेलंच की. त्यांनी लाभानंतर एक म्हटलंच नाही कधी. लाभ, दोन, तीन असंच म्हणायचे."

"हो ना. लाभ म्हणजेच एक. पहिल्या मापाला लाडानं दिलेलं नाव आहे ते."

गुंफा थेंब पुन्हा मोजायला धावली. पण तोवर ऊन चढलं होतं, दव उडून गेलं होतं आणि परीही दिसत नव्हती.

त्या दिवसापासून गुंफा रोज पहाटे रानात जाऊ लागली. परी रोज नवी किंमत सांगायची, दर वेळी अधिक अवघड. आता नुसते थेंब नव्हते. बाभळीचा पिवळा गोंडा म्हणजे पाच रुपये, पळसाची शेंदरी पाकळी म्हणजे दहा. कधी गुंफा गोंडा दहाचा धरायची, कधी गडबडीत पाकळीच विसरायची. कळी काही उमलायची नाही. दव वाळायचं. गुंफा नाक पुसायची, बोरं वेचायची आणि घरी जाऊन बोरांच्या बियांवर तेच पुन्हा घोकायची.

सगळ्यात भीती वाटायची ती पैसे परत देण्याची. मग परी स्वतःच गिऱ्हाईक झाली. कमरेवर हात ठेवून धोंडाबाईच्या थाटात म्हणाली, "काय गं, बोरं आंबट तर नाहीत ना? तीन मापटी दे आणि पाच रुपयांचे आवळे दे. ही घे शंभराची नोट." नोट म्हणजे पिंपळाचं कोवळं पान होतं. गुंफाला हसू आलं, पण शंभरातून पस्तीस काढायचे म्हटल्यावर ते हसू आटलं.

"काढू नकोस," परी तिच्या कानाशी येऊन बसली. "पस्तिसावर उभी राहा आणि शंभरापर्यंत चालत जा."

गुंफानं पाचाचा गोंडा ठेवला. झाले चाळीस. दहाची पाकळी ठेवली. पन्नास. आणखी एकेक पाकळी ठेवत गेली. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर. जेवढं ठेवलं तेवढं गिऱ्हाइकाचं. वजाबाकी कुठे आलीच नाही. गुंफा त्या पाकळ्यांकडे बघतच राहिली.

बाजाराच्या आदल्या पहाटे परीनं किंमत सांगितली, सदतीस. गुंफानं तीन शेंदरी पाकळ्या ठेवल्या, एक पिवळा गोंडा ठेवला आणि दवाचे दोन थेंब. क्षणभर रान स्तब्ध झालं. मग कळी उमलली, आणि तिच्यातून चंदेरी उजेड सगळ्या गवतावर सांडला.

परी म्हणाली, "माग. हवी तर अशी थैली माग, जी पैसे आपोआप मोजेल. उद्या बाजार आहे, आणि तुला भीती वाटते हे मला माहीत आहे."

गुंफाला ती थैली डोळ्यांपुढे दिसली सुद्धा, निळी, जरीच्या काठाची.

"नको. मोजायचं मी शिकेन. आईचा पाय मला शिकून बरा करता येत नाही. तो बरा कर."

परीनं नियम सांगितला. पाय बरा होईल, पण उद्या सूर्य मावळेपर्यंत तो जमिनीला लागता कामा नये. लागला, तर इच्छा विरून जाईल.

घरी आई बाजेवरूनच काठी चाचपत होती. गुंफानं काठी लपवली नाही की रडली नाही. तिनं आईला परीचा नियम सांगितला, तिच्यापुढे बोरांच्या बिया मांडल्या आणि म्हणाली, मला काहीही विचार. आईनं खूप विचारलं. दोन मापटी आणि पन्नासची नोट. चार मापटी, सात रुपयांच्या चिंचा आणि शंभराची नोट. गुंफा हळूहळू मोजत होती, ओठ हलवत, पण चुकत नव्हती. शेवटी आईनं काठी बाजूला ठेवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "जा बाय," ती म्हणाली, "सूर्य मावळेपर्यंत मी बाजेवरून हलत नाही."

बाजारात गुंफाचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं. पण मापटं हातात आलं आणि हात स्थिर झाला. गुलाबी पटक्याच्या एका आजोबांनी तीन मापटी घेतली, पन्नास दिले. गुंफा तिसावर उभी राहिली आणि पन्नासपर्यंत चालत गेली. आजोबांनी पैसे बघितले आणि मान डोलावली.

दुपारी धोंडाबाई आली. दोन मापटी मागितली आणि पन्नासची नोट दिली. गुंफानं दोन मापटी ओतली, दहाच्या तीन नोटा दिल्या आणि हात आखडला. धोंडाबाई हात पसरून उभीच.

"अगं, वरचं एक राहिलं की. गेल्या बाजाराला दिलं होतंस."

"ते चुकून गेलं होतं, मावशी," गुंफा म्हणाली. "आज मला मोजता येतं."

धोंडाबाई खजील झाली. पदरानं तोंड पुसत वळणार, तेवढ्यात गुंफानं टोपलीतली सर्वांत लाल, सर्वांत गोड बोरं मूठभर उचलली आणि तिच्या पिशवीत टाकली. "ही मात्र माझ्याकडून. तुमच्या नातवाला."

धोंडाबाई आपल्या जागेवर गेली, आणि थोड्या वेळानं चार गाजरं गुंफाच्या रिकाम्या होत चाललेल्या टोपलीत ठेवून गेली.

ज्वारीचं गाठोडं घेऊन गुंफा परतली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. ओढ्याचं पाणी केशरी झालं होतं. टोपलीच्या काठावर दवपरी येऊन बसली.

"मूठभर बोरं कमी झाली गं तुझी," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. मी मोजूनच दिली."

परी हसली. सूर्याचं शेवटचं किरण तिच्या पंखांवर पडलं. पंख सोनेरी झाले, मग झगा, मग ती सगळीच. बघता बघता एक लखलखीत ठिणगी उरली. ती पाण्यावर थरथरली आणि उजेडात उजेड मिसळावा तशी विरून गेली.

सूर्य बुडाला. खोपट जवळ आलं, तेव्हा समोरच्या पायवाटेवरून कुणीतरी येताना दिसलं, काठी नव्हती, खुरडणं नव्हतं. गुंफा दचकली नाही. ती पळत सुटली आणि आईच्या कमरेला मिठी मारली. आईनं ज्वारीचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि दोघी घराकडे चालू लागल्या.

"पुढच्या बाजाराला दोघी जाऊ," आई म्हणाली. "मापटी मी भरीन. पैसे तू घे."