मुरलेली की शिळी

चूक कारभाऱ्याची होती. द्राक्षांना, हवेला किंवा नशिबाला कोणी बोल लावू नये.

डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांचं एक गाव होतं, त्या गावाचा हा कारभारी. वयानं सगळ्यांत थोर, म्हणून त्याचा शब्दही थोर. दुसरं काही कारण कोणाला माहीत नव्हतं. गावानं मिळून पहिल्यांदाच पांढरी वाइन करायला घेतली होती आणि त्यासाठी लांबून एक पारखीबाई आणली होती. बाईनं उमेदीची सगळी वर्षं वाइन हुंगण्यात, चाखण्यात आणि थुंकण्यात घालवली होती. तोंडाची फटकळ, पण तिचं नाक कधी खोटं बोलत नसे.

बाटल्या भरून झाल्या तशी बाई म्हणाली, "आबा, लगेच विका. हिची सगळी गंमत ताजेपणात आहे. पुढचा उन्हाळा हिला दाखवू नका."

शहरातून व्यापारी आला. चावडीवर बसून त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सगळी द्या."

कारभाऱ्यानं हो म्हणण्याऐवजी मोबाइल काढला. त्यात त्याच्या वयाच्या माणसांचा एक ग्रुप होता. सकाळी फुलं, दुपारी काढे, संध्याकाळी देश कसा चालवावा याचे सल्ले. त्यानं विचारलं, वाइन विकू का?

धडाधड उत्तरं आली. "छे! जितकी जुनी तितकी भारी!" "माझ्या साडूच्या जावयानं परदेशात शंभर वर्षांची बघितलीय." "जुनं ते सोनं." यातल्या एकाच्याही ओठाला कधी वाइन लागली नव्हती. अंगठे मात्र सगळ्यांनी उठवले.

"विकायची नाही," कारभारी म्हणाला. "मुरू द्यायची."

"लोणचं मुरतं, आबा," बाई म्हणाली. "कोशिंबीर शिळी होते. मुरणाऱ्या वाइनही असतात, पण ही त्यातली नाही."

"बाई, आमचे केस काय उन्हानं पांढरे झाले?"

"कशानं झाले ते न्हाव्याला विचारा. वाइनचं मला विचारा."

चावडीवर हशा पिकला आणि तो कारभाऱ्याला झोंबला. ताडकन उठून तो ओरडला, "बिघडली तर माझी बाग गावाची! बोला!"

त्याचा मुलगा पुढे आला. "आबा, बाग मी कसतो. मला विचारलंत?"

"मोठी माणसं बोलतायत. तू गप."

मुलाच्या दाढीत तेव्हा पांढरे केस डोकावत होते.

गावानं मान डोलावली. म्हाताऱ्यापुढे मान डोलवायची सवयच होती. व्यापारी निघून गेला. बाईही गेली. जाताना म्हणाली, "नासवायला पारखी लागत नाही."

त्या दिवसापासून कारभाऱ्याला चैन पडेना. जेवता जेवता उठायचा, तळघरात उतरायचा, बाटली उजेडात धरायचा आणि मोबाइल उघडायचा. "रंग जरा गडद झालाय, काय करू?" उत्तर यायचं, "मुरतेय! थांबा." त्याला पटायचं नाही, पण बरं वाटायचं. जिना चढून वर येईपर्यंत तेही संपायचं. बाईला निरोप धाडावा असं अनेकदा मनात आलं, पण म्हातारा माणूस मागे कसा फिरणार? लोक काय म्हणतील?

पुढचा उन्हाळा सरल्यावर त्यानं व्यापाऱ्याला बोलावलं. पेल्यात वाइन ओतली तर चहासारखी तांबूस. व्यापाऱ्यानं नाकाशी नेली आणि पेला खाली ठेवला. "आबा, हिला आता सडक्या सफरचंदाचा वास येतोय. उशीर केलात."

कारभाऱ्यानं ग्रुपवर लिहिलं, वाइन गेली.

लगेच उत्तर आलं. "मी तर तेव्हाच म्हणणार होतो, ताजी विका." दुसऱ्यानं शुभ संध्याकाळ म्हणून समईचं चित्र टाकलं.

गाव चावडीवर जमलं. कारभारी पुटपुटला, "सगळेच म्हणत होते, थांब म्हणून."

"त्यांतल्या कोणाची बाग पणाला होती, आबा?" मुलानं विचारलं.

कारभाऱ्यानं मुलापुढे मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच.

तात्पर्य, म्हाताऱ्यांनी आधी वाचावं असं: मत फुकट मिळतं, पारख शिकावी लागते, आणि नुसत्या वयानं माणूस मुरत नाही.

कारभाऱ्याची बाग गेली.